वीब्रेनकाकाचं पहिलं अंडं

मार्च लागला की वीब्रेन कुणासमोर टोपी काढत नसे. पाद्री समोरून आला तरी नाही, मालकीणबाई आल्या तरी नाही. नुसती मान हलवायचा, तीही जपून, कारण टोपीखाली अंडी असायची. टिटवीचं अंडं खिशात ठेवलं तर चरावरून उडी मारताना फुटतं, हातात घेतलं तर उडीची काठी धरता येत नाही. म्हणून आमच्या फ्रीसलँड प्रांतात ते डोक्यावरच आणतात. गावातले टवाळ लोक मुद्दाम त्याला रस्त्यात गाठून विचारायचे, "काय काका, टोपी डोक्याला चिकटली का?" तो रागवायचा नाही. "चिकटलीय खरी. तुझ्याच बायकोनं खळ लावलीय," म्हणायचा आणि पुढे जायचा.

मी गोस्से. पोपमा मालकांच्या गोठ्यात वीब्रेन पहिला गडी आणि मी दुसरा. एकोणसाठ साली मी सत्तावीस वर्षांचा होतो, तो एकसष्टचा. उंच, पाठीत वाकलेला, कान मोठे, दूध काढून काढून बोटं जाड झालेली. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. मालकांनी पहिल्या गड्यासाठी कुरणाच्या कडेला बांधलेलं दोन खोल्यांचं विटांचं घर त्याच्याकडे होतं. नोकरी आहे तोवर घर, नोकरी गेली की बारा मेला घर रिकामं करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आधीच सांगून टाकतो, त्या घरात आता मी राहतो.

टिटवी त्याच्याइतकी कुणाला कळत नव्हती. आमची टिटवी मोठी ऐटबाज. पाठ लांबून काळी दिसते, जवळून हिरवी, आणि ऊन पडलं की तिच्यावर जांभळी झाक येते. पोट पांढरं, छातीवर काळा पट्टा, डोक्यावर मागे वळलेली लांब शेंडी. मादीची शेंडी जरा आखूड. पंख सुपासारखे रुंद, आणि नर उडाला की त्यांचा घुमणारा आवाज दोन कुरणं पलीकडे ऐकू येतो. बर्फ वितळलं की ही पाखरं ओल्या कुरणात उतरतात. नर उंच चढतो, हवेत कोलांटी मारतो, जमिनीला टेकता टेकता पुन्हा वर जातो. मग गवतात छाती टेकवून गोल फिरतो आणि खळगा पाडतो. एक नाही, चार-पाच खळगे. मादी सगळे बघते आणि त्यातला एक पसंत करते.

"घरं दाखवत हिंडतो बिचारा," वीब्रेन म्हणायचा, "आणि ती नाक मुरडते. आमच्या हिनंही असंच केलं होतं."

त्या खळग्यात पाच-सहा दिवसांत चार अंडी होतात. मातकट, काळ्या डागांची, टोकं आत करून मांडलेली. शेजारी उभं राहिलं तरी दिसत नाहीत. चार झाली की चांगला माणूस हात लावत नाही, तिला उबवू देतो. मला हे सगळं त्यानेच शिकवलं, चराच्या काठावर ओणवं बसवून.

"नराचं ऐकू नकोस, नर लबाड. तो भलतीकडे जाऊन बोंबलतो. मादी अंड्यावरून उठताना हूं की चूं करत नाही. मान खाली घालून गवतातनं चालत सुटते आणि लांब जाऊन उडते. जिथं गप्प झालं ना पोरा, तिथं बघ."

आणि सापडलेलं अंडं आधी चराच्या पाण्यात सोडायचं. तळाला आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर आत जीव धरलाय, परत ठेवून द्यायचं. तरंगलं तर जुनं, मेलेलं. हे आमच्याकडे चालायला शिकण्याआधी शिकतात.

आता पहिल्या अंड्याविषयी. अख्ख्या प्रांतात ज्याला वर्षाचं पहिलं अंडं सापडतं, तो ते नगराध्यक्षांना दाखवतो, आणि मग राणीसाहेबांचा प्रांतातला प्रतिनिधी त्याला शहरात बोलावून सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतो. पेपरात फोटो येतो. त्या माणसाला पुढे कुणी आडनावाने ओळखत नाही, अमक्या सालचा पहिला म्हणूनच ओळखतात. वीब्रेन एकतीस वसंत त्यामागे होता. एकदा तासाभराने हुकलं, एकदा पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं म्हणून हुकलं. "मला दुसरं काही नको," तो गायीच्या कुशीला डोकं लावून दूध काढता काढता म्हणायचा. "एकदा, फक्त एकदा त्या माणसानं हा हात धरावा. मग मी मेलो तरी चालेल."

त्या हिवाळ्यात डेअरीने आमचा एक कॅन परत पाठवला. दुधात गुठळ्या होत्या. गायीची कास सुजली की असं होतं, म्हणून दूध काढण्याआधी पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर सोडून बघायच्या असतात. मालक तांबडेलाल झाले. "कुणी बघितलं नाही?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनीही बघितलं होतं असं सांगितलं. मी खरंच बघितलं होतं.

मग मी त्याच्यावर नजर ठेवली. तो गोठ्यात पावलं मोजत चालायचा. गाय कुठली ते कासेला हात लावून ओळखायचा. फडक्यावर धारा सोडायचा आणि फडक्याकडे न बघता ते झटकायचा. एक दिवस मी त्याच्या बादलीसमोर मुकाट्याने उभा राहिलो. तो सरळ माझ्या अंगावर आला.

"वीब्रेनकाका, किती दिवसांपासून?"

तो बादली खाली ठेवून म्हणाला, "दोन वर्षं झाली. मोतीबिंदू असावा. धुक्यात बसल्यासारखं दिसतं. डॉक्टरकडे गेलो तर मालकांना कळणार, मालकांना कळलं तर घर गेलं. पोरा, कुणाला बोलू नकोस. पासष्टला पेन्शन मिळतं, तेवढी चार वर्षं काढू दे."

मी शब्द दिला. तो शब्द मी नऊ दिवस पाळला.

पुलाजवळच्या कॅफेत ल्यूवे लोहार बसायचा. आवाजाने मोठा, मनाने कोता, पण त्याच्या टेबलावर बसायला मिळालं की गावात आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. माझं तेव्हा सित्स्केशी ठरलं होतं, पण लग्न करून राहणार कुठे? मालकांच्या माळ्यावर? त्यावरून ल्यूवे मला रोज सोलायचा. "गोस्से, तुझी बायको काय गव्हाणीत झोपणार का?" सगळे हसायचे. त्या दिवशी मला जरा जास्त झाली होती आणि मला कुणाला तरी हसवायचं होतं. मी म्हणालो, "घर रिकामं व्हायला वेळ नाही लागणार. त्या घरातल्या माणसाला आता गाय कुठली आणि बैल कुठला तेही दिसत नाही."

माझी जीभ मला तेव्हाच चावता आली असती.

"आणि म्हातारा यंदाही अंडं शोधायला निघालाय?" ल्यूवे म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मग सापडू दे की बिचाऱ्याला!"

त्याच्याकडे गेल्या जूनमध्ये गवत कापताना मिळालेलं एक अंडं होतं, नासलेलं, आतून सुकून गेलेलं, भुशाच्या डब्यात ठेवलेलं. ते कुरणात ठेवायचं, म्हाताऱ्याला सापडू द्यायचं, आणि नगराध्यक्षांच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात ते तरंगताना बघायचं. गंमत एवढीच. ठेवायचं काम माझं, कारण कुरण आमच्या मालकांचं. मी नाही म्हणालो नाही. घरासाठी मी हे केलं नाही, हे मी इतक्यांदा शपथेवर सांगितलंय की आता माझा माझ्यावरच विश्वास राहिलेला नाही.

अठरा मार्चला सकाळी धारा झाल्यावर मी खालच्या ओल्या कुरणात गेलो. टाच फिरवून एक खळगा केला, बिअरच्या मगाचं बूड दाबून तो गोल केला, चार काड्या टाकल्या आणि अंडं ठेवलं. वर नर होता. तो माझ्या डोक्यावर असा झेपावला की टोपी उडाली. मी त्याला शिवी हासडली.

मग वीब्रेनला घेऊन आलो. "काका, माझी नजर आणि तुमची अक्कल," असं मीच म्हणालो, आणि त्याचे डोळे ओले झाले. दोन वर्षं तो एकटा धडपडत होता, कुणी सोबत आलं नव्हतं. चरांवरून त्याने उड्या मारल्या त्या नुसत्या पावलांच्या हिशोबाने: सात पावलं, काठी, झेप. मी मागून बघत होतो. एकसष्ट वर्षांचा आंधळा माणूस पाण्यावरून उडत होता आणि एकदाही चुकला नाही. पलीकडच्या बांधाआड ल्यूवे आणि त्याची माणसं पोटावर पडून होती, मधूनच कुणाचं तरी खिदळणं दाबल्याचं मला ऐकू येत होतं.

कुरणाच्या मध्यावर तो थांबला. मान तिरकी केली.

"गप्प," तो म्हणाला. "पवनचक्कीकडे गप्प झालं बघ. ती चालत निघालीय."

मला काही दिसलं नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. माझा खळगा डावीकडे होता. मी त्याचा दंड धरला. "नाही काका, इकडं. मादी इथनं उठली, मी बघितली ना."

तो क्षणभर तसाच उभा राहिला, तोंड पवनचक्कीकडे. मग म्हणाला, "तू बघितलीस म्हणतोस तर..." आणि वळला. गुडघ्यांवर बसून गवतात हात फिरवत पुढे गेला, आणि त्याची बोटं अंड्यावर पोचली.

मी आयुष्यात पुन्हा तसा चेहरा बघितला नाही. तो ओरडला नाही की हसला नाही. अंडं दोन्ही हातांत घेऊन चराकडे गेला, रिवाजाप्रमाणे पाण्यात सोडलं आणि पाण्याला नाक लागेल इतका वाकला. चराचं पाणी काळं असतं. अंडं वर तरंगत होतं, एखाद्या बुचासारखं, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

"आडवं आहे ना रे?" त्याने विचारलं.

बांधाआड सगळे श्वास धरून होते. मी म्हणालो, "आडवं आहे, काका."

त्याने ते टोपीत ठेवलं.

नगरभवनापर्यंत अर्ध्या तासाची वाट. त्या वाटेवर मी त्याला दहा वेळा थांबवू शकलो असतो. पुलापाशी तर तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "गोस्से, शहरात जाताना तू माझ्याबरोबर चल. पेपरवाल्यांना सांग, दोघांनी मिळून शोधलं म्हणून." मी "चला पुढं" एवढंच म्हणालो. मागून ल्यूवेची टोळी येत होती, वाटेत बायका दारात आल्या, बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर आला. कुणीतरी सायकलवरून जाऊन मालकांनाही कळवलं की त्यांच्या कुरणात पहिलं अंडं मिळालंय.

नगराध्यक्ष मनापासून खूश झाले होते. प्रांतात अजून कुठूनच खबर आली नव्हती. त्यांनी वीब्रेनला खुर्ची दिली, पाण्याने भरलेला काचेचा ग्लास टेबलावर ठेवला, आणि वीब्रेनने टोपी काढून अंडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ग्लासात सोडलं. ते वर आलं आणि काचेला टकटक करत फिरू लागलं.

आधी ल्यूवे हसला. मग सगळी खोली हसली. वीब्रेनही हसला, कारण त्याला वाटलं लोक आनंदाने हसताहेत. ते मला अजून आठवतं आणि अजून सहन होत नाही.

"वीब्रेन, हे गेल्या वर्षीचं आहे," नगराध्यक्ष म्हणाले. आवाज थंड झाला होता. "जुनं अंडं आणून पहिलं म्हणणाऱ्याचं काय करतात, तुला ठाऊक आहे. पुन्हा कुरणात पाय ठेवता येत नाही. पाण्यात सोडून बघितलं नाहीस?"

"बघितलं, साहेब."

"मग तरंगताना दिसलं नाही?"

"लबाड!" मागून कुणीतरी ओरडलं. "एकतीस वर्षं मिळालं नाही म्हणून घरून आणलं!"

तेवढ्यात दारात पोपमा मालक आले. रविवारचा कोट घातलेला, काखेत कागदात गुंडाळलेला साखरपाव, आनंद साजरा करायला. त्यांनी ग्लास बघितला आणि जागीच थांबले. वीब्रेनने त्यांची पावलं ओळखली असणार. त्याने माझ्या दिशेने तोंड वळवलं. मी आडवं आहे असं सांगितलं होतं, हे तो सांगू शकत होता. त्याने सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल की पोराचीही चूक झाली, पोराला कशाला गोवायचं. मी गप्प राहिलो.

दिसलं म्हणावं तर लबाड, नाही म्हणावं तर आंधळा. खोलीत सगळ्यांना हे कळत होतं, आणि सगळे मजेने वाट बघत होते.

"मला दिसलं नाही, साहेब," तो म्हणाला. "मला दोन वर्षांपासून दिसत नाही. मी लबाड नाही. खळगा माझा मी शोधला, अंडं नासकं निघालं हे माझं नशीब. पण मी लबाड नाही."

मालक म्हणाले, "म्हणजे तो दुधाचा कॅन..."

"माझाच असेल, मालक."

पोपमा वाईट माणूस नव्हते. त्यांनी साखरपाव टेबलावर ठेवला, वीब्रेनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच सुरात बारा मेची तारीख सांगितली. ते गेल्यावर ल्यूवेने साखरपाव कापला आणि सगळ्यांना वाटला.

दुपारी धारा काढण्याआधी मी पुन्हा कुरणात गेलो. माझा खळगा बुजवायला गेलो होतो, कुणी बघितला तर पंचाईत होईल म्हणून. पवनचक्कीच्या बाजूने एक मादी मान खाली घालून चालत सुटली आणि लांब जाऊन उडाली. मी दहा पावलं पुढे गेलो. खळग्यात एकच अंडं होतं, मातकट, काळ्या डागांचं. मी ते पाण्यात सोडलं. ते बुडालं आणि तळाला आडवं पडलं.

ते घेऊन मी नगरभवनात गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, म्हातारा तिथं होता मग त्याच्या हातून हे कसं सुटलं, आणि तू कुठं होतास. मी ते अंडं उचललं आणि होता तेवढा जोर लावून कालव्यात भिरकावलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावच्या माणसाचा फोटो पेपरात आला.

बारा मेला वीब्रेन चर्चने चालवलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात गेला. जाण्याआधी त्यानेच मालकांना सांगितलं, घर गोस्सेला द्या, गुणी आहे. जूनमध्ये माझं सित्स्केशी लग्न झालं. शहरात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते बिघडलं, आणि होतं तेवढं धुकंही गेलं.

मी महिन्यातून एकदा त्याला भेटायला जायचो. आश्रमातल्या बाईंना तो दर वेळी तेच सांगायचा, "हा माझा गोस्से. डोळे नसतानाही मी खळगा शोधला होता, हा साक्षीला आहे. विचारा त्याला." बाई माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचो. तीन वर्षं मान हलवली. जेवण कडू लागायला लागलं, सित्स्के विचारायची काय झालं, मी सांगत नव्हतो.

तिसऱ्या वसंतात मला सहन होईना. मला, त्याला नाही. त्याला काही सहन करायचंच नव्हतं, त्याचं बरं चाललं होतं. तरी मी खिडकीशी त्याच्याजवळ बसलो आणि सगळं ओकलो: कॅफे, ल्यूवे, टाच, बिअरचा मग, कालवा. वाटलं, तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "म्हणजे तो खळगा तू केलास."

"हो, काका."

"आणि दुसरं पवनचक्कीकडे होतं."

"दहा पावलांवर."

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "तू दंड धरलास म्हणून मी वळलो." त्याची जाड बोटं मांडीवर काहीतरी चाचपत होती. "पाण्यात सोडलंस ते?"

"सोडलं."

"आडवं पडलं?"

खोटं बोलायची ती एकच वेळ होती, आणि मी नेमका तेव्हाच खरं बोललो. "आडवं पडलं, काका."

त्याने खुर्ची हाताने चाचपत फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी आश्रमातल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "आज त्यांना बरं नाहीसं दिसतंय, तुम्ही या आता."

मला हलकं वाटत होतं. सायकलवरून मी त्याच्या घरी आलो, म्हणजे माझ्या. सित्स्केने ताकाची लापशी आणि डुकराच्या चरबीत परतलेले बटाटे वाढले, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.